'नाथ हा माझा' कुठल्या रकान्यात?

ठाण्यात दिवाळी पहाटेचे कार्यक्रम इतके झालेत की नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता नौपाड्यात रिक्षा मिळाली तर ती पहिली अंघोळ फळली असं समजायचं. गेल्या दिवाळीत अशाच एका कार्यक्रमात आम्हा तिघांना पंधरा मिनिटं मिळाली होती. माझी पेटी, नेरुळचा एक बेस गिटारवाला आणि कोपरीचा ड्रमर. वाजवणार होतो 'नाथ हा माझा'. साउंड चेक चालू असताना निवेदन करणाऱ्या काकू हातातली कार्डं सावरत आल्या.

"तुमचं काय म्हणून सांगू गं? शास्त्रीय, सुगम, की फ्युजन?"

"नाट्यपद आहे, काकू."

"ते मला माहितीये. पण मागे ड्रमसेट दिसतोय ना लोकांना."

शेवटी त्यांनी जाहीर केलं, "आता सादर होत आहे एक वेगळा प्रयोग." आपल्याकडे 'वेगळा प्रयोग' म्हणजे प्रेक्षकांकडून आगाऊ मागितलेली माफी असते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. वाजवून झालं. टाळ्या बऱ्या पडल्या. खाली उतरले तर पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "हात गोड आहे हो तुझा, पण हे जॅझ झालं." दोन मिनिटांनी ड्रमरचा मित्र भेटला. हा वांद्र्याला जॅझ गिटार वाजवतो, फराळाच्या ओढीने आला होता. तो म्हणाला, "मस्त होतं, पण याला जॅझ नाही म्हणता येणार."

एकाच वाजवण्याला दोन्ही घरांनी दार लावलं. मग मी चकली खात विचार करत बसले की या दोघांना नेमकं काय ऐकू आलं असेल. हा लेख त्या चकलीचा पुढचा भाग आहे.

मी लहान मुलांना पेटी शिकवते. जॅझ, पाश्चात्त्य शास्त्रीय आणि आपलं रागसंगीत यांत फरक काय, असं त्यांचे आईबाबा अधूनमधून विचारतात. वाद्यांवरून सांगायला गेलं की गाडी अडते. सॅक्सोफोनवर राग वाजतो आणि व्हायोलिन तर तिन्हीकडे आहे. म्हणून मी त्यांना ऐकताना एकच गोष्ट शोधायला सांगते. यात आधीपासून ठरलेलं काय आहे, आणि ऐनवेळी ठरतंय काय?

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात स्वर ठरलेले. कुठला स्वर, किती वेळ, किती जोरात, हे बीथोव्हनने कागदावर लिहून ठेवलंय. "मला इथे धैवत छान वाटला" म्हणून कुणी धैवत लावला तर ती सरळ चूक. मग वाजवणाऱ्याच्या हातात उरलं काय? पुष्कळ. ओळ किती ताणायची, श्वास कुठे घ्यायचा, डाव्या हाताला किती दाबून ठेवायचं. एकच सोनाटा, म्हणजे एका-दोघा वाद्यांसाठी लिहिलेली रचना, चार जणांकडून ऐकला की हे कळतं. चांगल्या नटाला संवाद पाठ असतात म्हणून त्याला आपण पोपट म्हणत नाही.

रागसंगीतात वाट ठरलेली. यमनमध्ये मध्यम तीव्र, म्हणजे अर्धा स्वर चढा (मं), वर जाताना बहुतेक वेळा नि-रे-ग, मं-ध-नि असं षड्ज-पंचमाला, म्हणजे सा आणि प यांना, वळसा घालून जायचं, गंधारावर आणि निषादावर मुक्काम करायचा. बंदिश ठरलेली, ताल ठरलेला. बढत, बोल, ताना हे त्या रात्रीचं. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट घट्ट रोवलेली असते, ती म्हणजे षड्ज. काळी दोन म्हटलं की काळी दोन. तानपुरा छेडला की मैफल संपेपर्यंत सा जागचा हलत नाही.

जॅझमध्ये ठरलेली असते कॉर्ड्सची साखळी. पेटीवर सा-ग-प एकदम दाबा, झाली एक कॉर्ड. अशा कॉर्ड्स ठरावीक क्रमाने येत राहतात, त्याला वादक 'चेंजेस' म्हणतात. आधी गाण्याची मूळ चाल एकदा वाजवायची, ते 'हेड'. मग त्याच साखळीवर एकेकाने ऐनवेळी नवी चाल रचायची, तो 'सोलो'. शेवटी पुन्हा हेड. ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचा गाण्याचा जुना प्रकार, असेल तर साखळी बहुधा १२ बारची असते, गाण्यांची बहुतेकदा ३२ बारची. चार मात्रांचा बार धरला तर ३२ बार म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन. आपल्याकडे आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे सम, त्यांच्याकडे 'टॉप'. सोलो कितीही भरकटला तरी टॉप कुठे आहे हे प्रत्येकाच्या पोटात मोजलं जात असतं, आणि कुणी चुकला की बाकीचे एकमेकांकडे ज्या नजरेने बघतात ती नजर दोन्हीकडे अगदी सारखी असते.

आता खरा फरक. रागात जमीन स्थिर असते आणि गाणारा तिच्यावर फिरतो. जॅझमध्ये दर दोन-चार मात्रांनी जमीनच सरकते. घरात बसून चहा पिणं आणि धावत्या ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने चहा पिणं, दोन्ही जमतं लोकांना. पण एकात तरबेज असलेला माणूस दुसऱ्यात सहज सांडतो.

हे नुसतं म्हणून चालणार नाही, यमनवरच दाखवते. जॅझमधली सगळ्यात नेहमीची साखळी आपल्या स्वरांत अशी होते: आधी रे-म-ध-सा, मग प-नि-रे-म, मग सा-ग-प-नि. वादक तिला 'टू-फाइव्ह-वन' म्हणतात आणि ती कित्येक गाण्यांत पुन्हा पुन्हा सापडते. नीट बघा, पहिल्या दोन्ही कॉर्ड्समध्ये शुद्ध मध्यम आहे. यमनमध्ये शुद्ध मध्यमाला प्रवेश नाही. कुणी हळूच आत घेतलाच तर त्याला आपण यमन कल्याण म्हणतो, आणि तिथेही तो दोन गंधारांच्या मध्ये अंग चोरून येतो. थोडक्यात, जॅझवाल्याने सवयीने पहिलं पाऊल टाकलं की यमन गेला.

बरं, तो मध्यम तीव्र करून टाकू. रे-मं-ध-सा. ऐकायला भरदार लागते ही कॉर्ड, पण तिच्यात एक ओढ आहे. ती ऐकली की कान म्हणतो, चला, आता पंचमाकडे, तेच आपलं घर. इकडे तानपुरा सांगत असतो की घर षड्जावर आहे. एका घरात दोन कर्ते झाले की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

आम्ही तिघांनी यावर दोन महिने डोकं फोडलं. शेवटी ठरलं की मुखडा वाजत असताना बेसने फक्त सा आणि प धरायचे, म्हणजे तो तानपुराच झाला. कॉर्ड लावायचीच तर सा-ग-प-नि आणि वर तीव्र मध्यम, ही यमनच्या घरातलीच आहे. जमीन सरकवायची ती फक्त मधल्या सोलोत, आणि समेच्या आधी पुन्हा जागेवर आणून ठेवायची. आजोबांना ड्रम्स ऐकू आले आणि तो सरकता भाग ऐकू आला, म्हणून ते म्हणाले जॅझ. गिटारवाल्याला दहा मिनिटं हलत नसलेला बेस ऐकू आला, म्हणून तो म्हणाला जॅझ नाही. दोघांचेही कान चांगले होते.

गंमत म्हणजे जॅझवाल्यांनी स्वतःच एकदा ही जमीन थांबवून पाहिली होती. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डवर 'सो व्हॉट' नावाचा तुकडा आहे. तो ३२ बारचाच आहे, पण त्यात कॉर्ड्सची पळापळ नाही. पहिले १६ बार एकच सप्तक, त्यात गंधार आणि निषाद कोमल. मग आठ बार तेच सगळं अर्ध्या स्वराने वर, आणि शेवटचे आठ बार परत मूळ जागी. कोमल ग, कोमल नि, बाकी शुद्ध, म्हणजे आपला काफी थाट. रागसंगीताची सवय असलेल्या माणसाला जॅझ ऐकायला सुरुवात करायची असेल तर मी हाच तुकडा हातात देते. पहिले १६ बार घरच्यासारखं वाटतं, आणि मग एकदम लिफ्ट एक मजला वर जाते.

पण इथेच एक खड्डा आहे. काफी थाटाचे स्वर वाजले म्हणजे राग झाला नाही. बागेश्री त्याच थाटातला, भीमपलासही त्याच थाटातला, आणि या दोघांची गल्लत केली तर आमच्या बाई पट्टी घेऊन मागे लागायच्या. थाट म्हणजे वाणसामानाची यादी, राग म्हणजे शिजलेला पदार्थ. 'फ्युजन' या नावाखाली जे खपतं त्यात बऱ्याचदा नुसती यादी वाचून दाखवलेली असते. वर सतार असते म्हणून आपण मान डोलावतो.

पेटीबद्दल एक परिच्छेद, कारण मला राहवत नाही. तानपुरा शांतपणे ऐकला तर षड्जाच्या तारेतून एक गंधार आपोआप उमटतो. बारा सारख्या भागांत कापलेल्या पेटीवरचा गंधार त्याहून साधारण १४ सेंट चढा असतो. एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट, म्हणजे फरक बारीक आहे, पण गवयाला तो टोचतो. शिवाय पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४०मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती तीस वर्षं टिकली, त्यामागे हीच कारणं सांगितली जात. जॅझ पियानोवाल्यांपुढे अडचण तीच होती. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो आणि पियानोवर तिथे पट्टीच नाही. मग त्यांनी काय केलं? दोन्ही पट्ट्या एकमेकींना घासून वाजवल्या. मी हे पेटीवर करून पाहिलं तेव्हा आईने आतून विचारलं, "पट्टी अडकली का गं?"

आता त्या आजोबांच्या मुद्द्याकडे. त्यांना नाट्यपद म्हणजे आपलं आणि जॅझ म्हणजे परकं वाटलं. मला मात्र नाट्यसंगीताइतका जॅझचा जवळचा नातेवाईक आपल्याकडे दुसरा दिसत नाही, आणि मी हे खोडसाळपणे म्हणत नाही.

'नाथ हा माझा' हे 'स्वयंवर' नाटकातलं पद. नाटक खाडिलकरांचं, १९१६ सालचं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, गायले बालगंधर्व. रंगमंचासमोर साथीला ऑर्गन, म्हणजे थेट विलायती वाद्य. कथेत रुक्मिणी चार ओळींत काहीतरी सांगते आहे, पण वन्स मोअर आला की पद लांबतं, प्रत्येक वेळी नवी जागा, नवी तान. नाटक पहाटेपर्यंत चालायचं ते काही कथानकामुळे नव्हे. पुढे ती पदं नाटकातून सुटली आणि मैफलीत आली. आज ज्याने 'स्वयंवर' पाहिलेलं नाही असा गवईही ती गातो आणि आपल्या परीने खुलवतो.

जॅझवाले ज्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात त्यांची जन्मकथा हुबेहूब हीच. त्यातली असंख्य गाणी न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतली आहेत. 'ऑल द थिंग्ज यू आर' हे १९३९च्या एका नाटकातलं गाणं. ते नाटक पडलं, आज कुणाला आठवतही नाही, पण गाणं प्रत्येक जॅझ विद्यार्थ्याला पाठ असतं. 'द साउंड ऑफ म्युझिक' १९५९मध्ये रंगमंचावर आलं आणि पुढच्याच वर्षी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने त्यातलं 'माय फेव्हरिट थिंग्ज' रेकॉर्ड केलं. मूळ नाटकात ते मारिया आणि मठाच्या प्रमुख बाई म्हणतात. त्याने ते तेरा मिनिटांहून लांब नेलं आणि सोलोत कॉर्ड्स जवळजवळ थांबवून टाकल्या. हाच कोल्ट्रेन रविशंकरांच्या संगीताने इतका भारलेला होता की मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं.

म्हणजे नाटकातलं गाणं उचलायचं, लोकांना चाल ओळखीची आहे याचा फायदा घ्यायचा, आणि त्या ओळखीवर आपलं काहीतरी उभं करायचं. ठाण्यात राहिलेले पं. राम मराठे हे दोन्ही जग एकाच गळ्यात घेऊन वावरत. एका बाजूला कसलेली रागदारी, दुसऱ्या बाजूला १९६३च्या 'मंदारमाला'सारखं संगीत नाटक, ज्यात ते स्वतः उभे राहून गायचे. ठाणे महापालिका आज त्यांच्या नावाने महोत्सव भरवते. त्यांना कुणी रकान्यात बसवायला गेलं असतं तर त्या माणसाचीच पंचाईत झाली असती.

आणि जॅझ मुंबईला परका कधी होता? १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक बँड घेऊन येत. त्यांच्या बाजूला बसून गोव्याची मुलं शिकली. त्यातला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, पुढे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांबरोबर, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागला. १९५१च्या 'अलबेला'मध्ये तो आणि त्याचा बँड पडद्यावर दिसतो. माझ्या आजीला त्यातलं 'शोला जो भडके' तोंडपाठ आहे. जॅझ आवडतो का म्हणून विचारलं तर ती म्हणते, "छे बाई, तो धांगडधिंगा मला नको." तिच्या लेखी ते 'जुनं हिंदी गाणं' आहे. रकाना बदलला की कान बदलतात, याचा माझ्या घरातला हा जिवंत पुरावा.

मग हे रकाने पाडले कुणी? वादकांनी क्वचितच. बहुतेक वेळा दुकानदाराने.

१९१७मध्ये जॅझची म्हणून जी पहिली रेकॉर्ड निघाली ती ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडची. तेव्हा शब्दाचं स्पेलिंगही पक्कं नव्हतं. वादक न्यू ऑर्लिन्सचे, पण गोरे. जे संगीत तिथल्या कृष्णवर्णीयांनी घडवलं त्याची पहिली पाटी दुसऱ्याच्याच दारावर लागली. १९२०मध्ये मॅमी स्मिथची 'क्रेझी ब्लूज' तुफान खपली, आणि कंपन्यांच्या लक्षात आलं की कृष्णवर्णीय लोकही रेकॉर्ड विकत घेतात. मग त्यांच्यासाठी वेगळी यादी निघाली, 'रेस रेकॉर्ड्स'. यात ब्लूज होतं, जॅझ होतं, चर्चची भजनं आणि प्रवचनंही होती. सुरांचा एकमेकांशी काही संबंध असो नसो, गिऱ्हाइकाचा रंग एक होता. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने १९४९मध्ये ते नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. नाव सभ्य झालं, यादी बरीचशी तीच राहिली.

संगीतकार आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनला आपल्या संगीताला जॅझ म्हटलेलं फारसं रुचत नसे, आणि हे कळल्यावर त्याचं कारणही समजतं. १९६५मध्ये पुलित्झर या अमेरिकी पुरस्काराच्या परीक्षकांनी त्याला खास पुरस्कार द्यावा अशी शिफारस केली. मंडळाने ती फेटाळली. तेव्हा तो ६६ वर्षांचा होता. तो म्हणाला की नियती माझ्यावर मेहेरबान आहे, इतक्या लहान वयात मी फार प्रसिद्ध व्हावं असं तिला वाटत नाही. अशी कोपरखळी आपल्याकडे पु.लं.ना सुचली असती. जॅझ रचनेला पहिलं पुलित्झर मिळायला १९९७ उजाडलं, ते विंटन मार्सालिसला. आणि ट्रम्पेटवादक निकोलस पेटन २०११पासून म्हणतोय की जॅझ हा शब्दच टाकून द्या, याला कृष्णवर्णीय अमेरिकी संगीत म्हणा. मला त्याचं म्हणणं पटतं, पण ठाण्यात बसून तो शब्द टाकायचा अधिकार माझा नाही, एवढंही कळतं.

'वर्ल्ड म्युझिक'ची जन्मकथा तर आणखी उघड आहे. १९८७मध्ये लंडनच्या एका पबमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. प्रश्न एवढाच होता की आफ्रिकेच्या, आशियाच्या रेकॉर्ड्स दुकानात कुठल्या फळीवर ठेवायच्या. ठरलं, 'वर्ल्ड म्युझिक'. त्या फळीवर आपली सनई, माली देशाचं 'कोरा' हे तंतुवाद्य आणि बल्गेरियाच्या बायकांचं समूहगान शेजारी शेजारी बसलं. ग्रॅमीने २०२०मध्ये ते नाव बदलून 'ग्लोबल' केलं आणि २०२४मध्ये 'शक्ती' या बँडला त्याच रकान्यात पुरस्कार मिळाला. जॉन मॅकलॉफ्लिनच्या गिटारची आणि झाकीर हुसेनच्या तबल्याची १९७०च्या दशकापासूनची मैत्री त्यात आहे. ऐकाल तर आधी काढलेला प्रश्न विचारा, जमीन सरकते आहे की स्थिर आहे. बहुतेक वेळ स्थिर आहे. गिटारवाल्याने सरकत्या जमिनीची सवय सोडून इकडे राहायला यायचं ठरवलं, म्हणून ते इतकं एकजीव वाटतं.

यापेक्षा क्षुल्लक कारणानेही रकाने पडतात. संगणकावर एमपीथ्री फायली फिरू लागल्या तेव्हा १९९६मध्ये एका प्रोग्रामरने युक्ती काढली. फाइलच्या शेपटाला १२८ बाइट जोडायचे, त्यात गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, वर्ष. संगीतप्रकारासाठी उरला एक बाइट. एका बाइटमध्ये एकच आकडा मावतो, म्हणून एका गाण्याला एकच प्रकार. त्याने ८० प्रकारांची यादी केली. जॅझ आठव्या क्रमांकावर, क्लासिकल बत्तीसवर. बावीस म्हणजे डेथ मेटल, तेवीस म्हणजे चक्क 'प्रँक्स'. ख्याल, ठुमरी, अभंग, लावणी या सगळ्यांना मिळून एकच जागा सापडते, अठ्ठेचाळीस, 'एथनिक'. भीमसेन जोशींच्या अभंगवाणीची फाइल उघडल्यावर बाजूला 'एथनिक' दिसलं की मी लहानपणी बाबांना विचारायचे हे कुठल्या कलाकाराचं नाव.

आजही आपलं गाणं ऑनलाइन चढवताना एक मुख्य प्रकार निवडावाच लागतो, रिकामं सोडता येत नाही. आमच्या 'नाथ हा माझा'ला मी 'जॅझ' निवडलं. दोन आठवड्यांत कळलं की ते कॉफी पिता पिता ऐकण्याच्या गाण्यांच्या यादीत जाऊन बसलंय. बालगंधर्वांच्या गाण्याला हा मान पहिल्यांदाच मिळाला असावा.

'शास्त्रीय' हा शब्द तरी किती जुना? माझ्या पणजोबांच्या पिढीत 'पक्कं गाणं' म्हणत, 'रागदारी' म्हणत, 'उस्तादी गाणं' म्हणत. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भातखंड्यांनी दहा थाटांची मांडणी केली, गाणं घराण्यातून वर्गात आलं. मग नियतकालिक, परीक्षा आणि रेडिओ या सगळ्यांना एक भारदस्त शब्द लागत होता. रेडिओचा वाटा मोठा. १९५२ ते १९६२ नभोवाणीमंत्री होते ते बाळकृष्ण केसकर. त्यांच्या काळात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली, लोकांनी रेडिओ सिलोन लावलं, शेवटी १९५७मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. मधल्या काळात सिनेमाऐवजी काहीतरी सोपं पण सोज्वळ हवं म्हणून 'सुगम संगीत' हा रकाना आकाशवाणीवर फोफावला. गदिमा-बाबूजींच्या 'गीतरामायणा'चा जन्म पुणे आकाशवाणीचा, १९५५चा. त्यामुळे रकाने पाडणाऱ्यांवर मी सरसकट चिडूही शकत नाही.

पाश्चात्त्यांकडे 'क्लासिकल' काटेकोरपणे लावायचं तर साधारण १७५० ते १८२० एवढाच काळ. हायडन, मोझार्ट, बीथोव्हन. बाख १७५०मध्ये वारला, म्हणजे तो त्यात बसतच नाही. आणि व्हिएन्नात तरुण बीथोव्हनचं नाव झालं ते ऐनवेळी सुचेल ते वाजवण्याबद्दल. कॉन्चेर्टोमध्ये, म्हणजे एक वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेत, 'कॅडेन्झा' नावाची जागा असते, तिथे वाद्यवृंद थांबतो आणि एकट्याने आपली करामत दाखवायची. ती जागा मुळात मोकळी सोडलेली असे. पुढे लोकांनी ती लिहून पाठ करायला सुरुवात केली. 'ते लिहिलेलं, आपलं उत्स्फूर्त' असं जे आपण अभिमानाने सांगतो ते त्यांच्या शेवटच्या दोनेकशे वर्षांबद्दलच खरं आहे.

संगीताचे अभ्यासक अशोक दा. रानडे यांनी संगीताचे सहा भाग केले होते, आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम. मला ही विभागणी आवडते, कारण तिच्यात संगीत कोण करतं, कशासाठी करतं, कसं पुढे जातं हे बघितलेलं आहे. 'शास्त्रीय'ऐवजी ते 'कलासंगीत' म्हणत. लोकसंगीताला शास्त्र नसतं असं त्यातून सुचवायला नको, हा फायदा. आणि सहावा रकाना खुशाल 'संगम', म्हणजे आमच्यासारख्यांना बसायला बाक ठेवलाय.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल की मी म्हणणार, संगीताला सीमा नसतात. अजिबात नाही. ते वाक्य मंचावर ऐकलं की माझ्या पेटीचा भाताच फाटतो. सीमा असतात. शुद्ध मध्यम यमनमध्ये येत नाही ही सीमा आहे. टॉपला सगळ्यांनी एकत्र यायचं ही सीमा आहे. वाशीला मुख्यालय असलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मी मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या, आणि प्रवेशिकेला ठरलेल्या रागांतच चार वर्षं घोळत राहिले म्हणून बागेश्री आणि भीमपलास मला आज झोपेतही वेगळे ऐकू येतात. कुंपण नसतं तर मी दोन्हींचं भरीत केलं असतं. सीमा नाकारण्याची घाई ज्यांना असते त्यांनी बहुधा एकाही बाजूचं व्याकरण धड शिकलेलं नसतं. माझं भांडण एवढंच आहे की कुंपण सुरांमध्ये असतं आणि पाटी दुकानावर लागते, आणि लोक पाटी वाचून कुंपणाविषयी मतं देतात.

एका स्पर्धेत मी हे भोगलंय. 'वादन, शास्त्रीय' गटात पेटीवर बागेश्री वाजवला, शेवटी दोन आवर्तनं कॉर्ड्स धरल्या. गुणपत्रिकेवर शेरा होता, 'पाश्चात्त्य प्रभाव टाळावा.' ज्या वाद्यावर मी वाजवत होते ते मुळात युरोपातून आलेलं आहे. पण हे परीक्षकांना सांगण्याइतकी मी तेव्हा धीट नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्या कॉर्ड्स मला नीट जमल्याही नव्हत्या. बागेश्रीत पंचम कमी, आणि मी प्रत्येक कॉर्डमध्ये तो कोंबला होता. शेरा चुकीचा होता, गुण बरोबर होते.

यंदाच्या दिवाळीचा अर्ज परवाच आला. 'कार्यक्रमाचा प्रकार' या रकान्यात मी लिहिलं, 'नाट्यपद, राग यमन, पेटी-बेस-ड्रम्स, मधे कॉर्ड्स बदलतात, नऊ मिनिटं.' अर्धी ओळ रकान्याबाहेर गेली. संध्याकाळी काकूंचा फोन.

"ते सगळं वाचलं गं मी. छान लिहिलंयस. पण भक्तिगीतांच्या आधी टाकू की नंतर?"

"चहाच्या आधी टाका, काकू."

"चहाच्या आधी लावणी आहे," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला.